मामाची मांडी

"मला काही नको," गिरीशराव म्हणाले.

समुपदेशक बेडेकर मॅडमचा लिहिता हात थांबला. माझ्या बहिणीच्या, उमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आमचे कुलगुडे वकील खुर्चीत मागे रेलले. लग्नाचं जेवण अंगावर आल्यावर माणूस रेलतो तसे. कोर्टाच्या त्या छोट्या खोलीत सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. मला सोडून.

"काही नको म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"निहारचा ताबा उमाकडंच राहू दे. रविवारची भेटही नको मला. त्याची ओढाताण होते, मॅडम. मी आलो की तो हसतो, निघालो की रडतो. हे मला बघवत नाही." गिरीशरावांनी चष्मा काढून पुसला. "उमा चांगली आई आहे. ते मी कधी नाकारलं नाही."

वर्षभर त्यांनी तेवढं एकच नाकारलं होतं.

मी सांगलीला हळदीचा अडत्या. शेतकऱ्याचा माल माझ्या दुकानात उतरतो, व्यापारी येतात, सौदा होतो. पॉलिश केलेलं हळकुंड बाहेरून सगळं सारखंच पिवळं दिसतं. म्हणून घेणारा ते मोडतो, आतला रंग बघतो, मग नाक मुरडतो. माल भिजलाय म्हणतो, बारीक आहे म्हणतो, मागच्या वर्षी याहून बरा होता म्हणतो. असा माणूस मला आवडतो. त्याला माल घ्यायचाय. आपण सांगितलेला पहिलाच भाव जो हसत कबूल करतो, हळकुंड हातातही घेत नाही, तो उठून गेल्यावर मी माझ्या दिवाणजीला सांगतो, याच्यावर लक्ष ठेव.

आणि गिरीशराव आधीचं वर्षभर झकास घासाघीस करत होते. दावा निकाली निघेपर्यंत बापलेकांनी रविवारी माझ्या दुकानात भेटायचं, असं ठरलं होतं. मार्केट यार्ड रविवारी बंद. मोकळी जागा, रिकामी पोती, आणि लक्ष ठेवायला मी. उमाला यायला जरा उशीर झाला की गिरीशराव तेवढा वेळ शेवटी मागून घ्यायचे. दिवाळीचा पाडवा कुणाचा यावर त्यांनी दोन तारखा घालवल्या होत्या. वाढदिवसाचा केक आधी कुणाच्या घरी कापायचा, यावर कुलगुडे वकिलांना चार पानी उत्तर लिहावं लागलं होतं. उमा रडकुंडीला यायची. मी तिला म्हणायचो, "भांडू दे गं. बाप आहे, पोरगं हवंय त्याला."

तोच माणूस आज म्हणत होता, मला काही नको.

"फक्त एक," गिरीशराव म्हणाले.

मी सरसावून बसलो. चला, आता तरी भाव फुटला.

"जावळ. आईचा नवस आहे. आमच्या वीरभद्राच्या दारात, पाचव्या वर्षी. पुढच्या महिन्यात निहार पाच पूर्ण करतोय. त्याच्याआधी व्हायला पाहिजे. शुक्रवारी नेतो, रविवारी संध्याकाळी आणून सोडतो. एवढं झालं की माझं काही म्हणणं नाही. तुम्ही म्हणाल तिथं सही."

निहारचे केस जन्मापासून कापलेले नव्हते. कमरेच्या खाली आले होते. आमची आई रोज तेल लावून दोन वेण्या घालायची, लाल रिबिनी बांधायची. बालवाडीत कुणी मुलगी म्हणून चिडवलं, तर तो शांतपणे सांगायचा, "मी मुलगी नाही. माझं जावळ आहे." एखाद्यानं 'मी तलाठी आहे' म्हणावं तसा. आता अशा पोराचं जावळ देवाच्या दारात करू नका, असं कोण म्हणणार? बेडेकर मॅडम तर नाहीच.

"मला वाटतं, ही फार समंजस भूमिका आहे," त्या म्हणाल्या. "असे वडील या खोलीत रोज येत नाहीत."

मसुद्यात एक नेहमीची ओळ होती. मुलाला कोर्टाच्या परवानगीशिवाय राज्याबाहेर नेऊ नये. पण गिरीशरावांचं कुलदैवत कृष्णेच्या काठी, सीमेपलीकडं. म्हैसाळच्या पुढं गेलं की कर्नाटक. देवच राज्याबाहेर राहत असल्यावर काय करणार? कुलगुडे वकिलांनी ती ओळ खोडली आणि दोघांनी बाजूला सह्या केल्या. गिरीशरावांनी सही करताना पेनचं टोपण व्यवस्थित उलटं लावून घेतलं, ते मला अजून आठवतं.

"कोण कोण जाणार?" मी विचारलं.

"आमच्या घरचेच, अण्णा. साधंच करायचंय."

"आणि मामा?"

आमच्याकडं जावळ म्हणजे पोरगं मामाच्या मांडीवर. पहिली बट मामाच्या मांडीवर पडते, मग न्हावी पुढं हात चालवतो. मामा आजारी असला तर चुलतमामा आणतात, तोही नसला तर गल्लीतला कुणी मामा करून बसवतात.

"वाईट वाटून घेऊ नका," गिरीशराव फार मऊ आवाजात म्हणाले. "सध्या दोन्हीकडची माणसं एकत्र आली की शब्दानं शब्द वाढतो. देवाच्या दारात ते नको."

"बरोबर आहे त्यांचं," मॅडम म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात कुलगुडे वकिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आवटी, तोंड का असं केलंय? बहिणीचा दावा जिंकलोय आपण."

"तो का हरला, तेवढं सांगा."

"तुम्हाला सगळ्यातच भेसळ दिसते. मामाचा मान मिळाला नाही म्हणून चिडलाय तुम्ही, दुसरं काही नाही. आहेराचा फेटा चुकला."

"वकीलसाहेब, निहारचा पासपोर्ट कुणाकडं आहे?"

हा प्रश्न मी हवेतून काढला नव्हता. निहार लहान असताना गिरीशरावांना मस्कतची नोकरी मिळत होती. तिघांचे पासपोर्ट झाले, मग नोकरीही राहून गेली आणि नंतर संसारही. उमा घर सोडून आली ती दोन बॅगा घेऊन. मी उमाकडं बघितलं.

"तिकडंच असेल, कपाटात," ती म्हणाली. "मला कुठं जायचं होतं?"

कुलगुडे हसले. "देवाला जायला पासपोर्ट लागत नाही हो."

"अण्णा," उमा म्हणाली, "तुझ्या पाया पडते. मला आता हे संपवायचंय. तू काही काढू नकोस."

मी काही काढलं नाही. पण आईला घरी येऊन सांगितलं, तर तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली.

"मामाशिवाय जावळ? मग केस पडायचे कुणाच्या मांडीवर?"

"घरातल्याच कुणाच्या तरी."

"त्यांच्या घरात बाईमाणूस न्हाई का एक सांगणारं? गिरीशची आई काय म्हणाली?"

"ती कुठं होती कोर्टात?"

"तिचाच नवस आन् तीच न्हाई." आईनं भाकरी उलटली. ती जळली होती. "त्या गिरीशला जावळ म्हंजे काय ते तरी ठावं हाय का? शाळा-कॉलेज सगळं पुण्याला. फोटोत बघितलं असंल."

त्या दिवसापासून आईनं निहारच्या कानाशी एकच लावलं. वेणी घालता घालता म्हणायची, "पहिली बट कुणाच्या मांडीवर?" निहार म्हणायचा, "मामाच्या." "मामा नसला तर?" "कात्री लावू द्यायची नाही." उमा ऐकून वैतागायची. "आई, त्याच्या डोक्यात असलं भरू नकोस. तिथं जाऊन भोकाड पसरेल."

"पसरू दे की," आई म्हणायची.

मला वाटलं, म्हातारी माझ्या मानासाठी भांडतेय. आणि खरं सांगायचं तर मलाही तेवढंच टोचत होतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

जावळाच्या आधीचा रविवार आला. गिरीशराव वेळेवर आले. पोत्यांच्या थप्पीवर दोघं बसले, लेकानं बापाला शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं. मी गल्ल्याशी वर्तमानपत्र धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. वेळ संपायच्या बऱ्याच आधी गिरीशराव उठले.

"अजून वेळ आहे तुमचा," मी म्हणालो.

"राहू दे, अण्णा."

वर्षभरात हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ते हसले, चप्पल घातली आणि गेले. निहार पोत्यावरून घसरत खाली आला आणि माझ्या गुडघ्याला टेकून उभा राहिला.

"मामा, कानात कापूस घातला की दडे बसत नाहीत?"

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. खूप उंच गेलं की कानात दडे बसतात. मग कापूस घालायचा आणि गोळी चघळायची."

"घाट असला की बसतात," मी म्हणालो.

मग मी शटर ओढायला उठलो आणि अर्ध्यावरच थांबलो. वीरभद्राच्या वाटेवर घाट नाही. सगळा ऊस आणि सपाट रस्ता. मी लहानपणापासून दहादा गेलोय.

घरी उमाला सांगितलं, तर तिनं डोक्याला हात लावला. "अण्णा, पोरगं काहीही बडबडतं. काल म्हणत होतं, आपली गाय इंग्लिश बोलते."

"निहारचा एक चांगला फोटो काढून ठेव. समोरून."

"वेण्यातले ढीगभर आहेत. आता जावळ झाल्यावरच काढू, गोट्याचा." ती बऱ्याच दिवसांनी हसली. न्यायाधीशांची सही झालेली होती. माझ्याकडं होतं काय? कापूस.

शुक्रवारी सकाळी गिरीशराव मित्राची म्हणून सांगितलेली एक पांढरी गाडी घेऊन आले. एकटेच.

"घरचे?" आईनं दारातूनच विचारलं.

"पुढं गेलेत."

आईनं आमच्या दुकानाची कापडी पिशवी पुढं केली. दर पाडव्याला आम्ही गिऱ्हाइकांना वाटतो त्यातली. पिवळ्या कापडावर लाल अक्षरात 'राजशेखर आवटी, हळदीचे अडत व्यापारी', खाली फोन नंबर. आत निहारचे नवे कपडे, नारळ आणि एक कोरा टॉवेल.

"हे काय?" गिरीशराव म्हणाले.

"मामाचा आहेर. आन् टॉवेल मांडीवर अंथरायचा. मामा न्हाई तर मांडीवर घेनार कोन, जावई?"

"घेईन मी."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. बाप मांडीवर घेणार, हे तिनं सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. गिरीशरावांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी पिशवी घेतली ती वाद नको म्हणून, आणि मागच्या सीटवर टाकली. निहार पुढं बसला. वेण्यांना नव्या रिबिनी, कपाळाला विभूती. उमा खिडकीतून त्याचा मुका घेत होती. रात्री त्याला खोकला येतो, औषध कुठलं, दूध किती, ती सांगत होती. गिरीशराव "हो, हो" म्हणत होते. घासाघीस करणारा माणूस अशा वेळी म्हणाला असता, मला शिकवू नकोस.

"मामा, तू मागनं येणार ना?" निहारनं विचारलं.

"येतो," मी म्हणालो. पोरांना म्हणतात तसं.

गाडी कोपऱ्यावर वळली. आई म्हणाली, "त्यानं दूध किती ते लिवून घेतलं न्हाई." आणि आत गेली.

मी यार्डात गेलो. सौदे ऐन रंगात होते. माझ्या दारात राजापुरी हळदीचा ढीग ओतला होता, व्यापारी हळकुंडं मोडत होते, कटाकट आवाज येत होता. तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"हळदवाले आवटी का?"

"बोला."

"तुमी पोराचे मामा न्हवं? वेण्यावाल्या पोराचे? मी सलूनवाला बोलतोय. अवो, या की लवकर. पोरगं खुर्चीत बसलंय पर कात्री लावू देईना. मामा पायजेत म्हनतंय. त्याचं बी बरोबर हाय म्हना. मामा नसताना जावळाला कात्री आमी तरी कशी लावायची? पावनं लै घाई करायलेत. ते भाईर गेले, तेवढ्यात पोरगं मामाची म्हनून धरून बसलंय त्या पिशवीवरचा नंबर म्या लावला."

आता हसू येतं, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. पोरानं मान राखला मामाचा. देवळातल्या न्हाव्यालाही कळतं, आणि बेडेकर मॅडमना कळत नाही. मी छाती फुगवून म्हणालो, "निघतोच. देवळाच्या मागच्या बाजूला आहात का नदीकडं?"

"कुठलं देऊळ?"

"वीरभद्राचं."

"न्हाई ओ," तो म्हणाला. "मी पेठ नाक्यावर हाय. हायवेला."

समोर कुणीतरी हळकुंड मोडलं. मला तो आवाज आजही तसाच ऐकू येतो. देव आमच्या दक्षिणेला. पेठ नाका उत्तरेला. तिथून पुढं कऱ्हाड, सातारा, पुणे, आणि पुढं मुंबई.

"पावणे कुठं आहेत?"

"भाईर फोनवर बोलायलेत. रातच्याला मुंबई गाठायचीय म्हनत होते."

मी जर त्या वेळी ओरडलो असतो, तर न्हावी घाबरला असता, न्हावी घाबरला असता तर गिरीशरावांना कळलं असतं, आणि ते पोराला उचलून निघाले असते. सौद्याच्या वेळी आवाज चढवायचा नसतो, हे मी वडिलांच्या मागे उभं राहून शिकलोय.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं.

"नामदेव."

"नामदेवराव, मी येईपर्यंत कात्री लावू नका. आणि मी येतोय हे पावण्यांना सांगू नका. रुसून बसलो होतो मी, येणार नाही म्हणालो होतो. जरा गंमत करतो त्यांची."

तो खुदकन हसला. "बरं, बरं. पानी तापत ठेवतो. दोन दाढीची गिऱ्हाइकं हायत तंवर."

दुसरा फोन मी जयसिंगला लावला. आमचा माल नेणारा टेम्पोवाला. तो इस्लामपूरकडं रिकामा परतत होता. त्याला म्हणालो, नाक्यावर सलूनसमोर एक पांढरी गाडी उभी आहे, तिच्या मागं तुझा टेम्पो बंद पाड. त्यानं का म्हणून विचारलं नाही. तिसरा फोन कुलगुडेंना.

"पण आवटी, आदेशात रविवारपर्यंत मूल त्यांच्याकडं राहणार असं—"

"वकीलसाहेब, उमाला घेऊन पोलिसात जा. देव कुठल्या दिशेला आहे आणि गाडी कुठल्या दिशेला आहे, तेवढंच सांगा."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ती ओळ मीच खोडली." आणि फोन ठेवला.

रस्त्यात मी काय विचार केला ते विचारू नका. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागं गाडी अडकली की स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटायचं. एकदा वाटलं, गिरीशराव दुसऱ्या न्हाव्याकडं गेले असतील. मग वाटलं, जातील कसे. हे पोरगं तिथंही तेच म्हणेल, आणि तिथलाही न्हावी तेच म्हणेल.

नाक्यावर जयसिंगचा टेम्पो पांढऱ्या गाडीला चिकटून आडवा उभा होता. बॉनेट उघडं, आणि जयसिंग आत डोकं घालून इंजिनाला शिव्या देत होता. पुढं सिमेंटचा कट्टा. गाडी कुठंच जाणार नव्हती.

सलूनमध्ये निहार उंच खुर्चीवर बसला होता. गळ्याभोवती पांढरी चादर, वेण्या सोडलेल्या, केस खुर्चीच्या मागं लोंबत होते. डोळे रडून सुजलेले. बाकावर गिरीशराव, हातात मोबाईल.

"आलं बघा मामा," नामदेव म्हणाला.

गिरीशराव उभे राहिले. त्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. घाबरलेला नव्हता, हिशेब करत होता.

"अण्णा. तुम्ही?"

"मामाशिवाय अडलंय म्हणून निरोप आला. म्हटलं, रुसवा सोडावा."

"म्हटलं वाटेतच करून टाकू. देवाला नुसता नमस्कार करू."

"छान केलंत. देवाला एवढा वळसा घालून चाललाय, त्याला तेवढं चालेल."

ते दारातून बाहेर बघत होते. टेम्पो बघितला, जयसिंगकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमचाच का?"

"माझ्याच मालाचा. सारखा बंद पडतो. तुम्हाला तर माहीतच आहे."

गिरीशराव खुर्चीकडं गेले आणि निहारच्या गळ्याची चादर सोडायला लागले. "राहू दे, नंतर बघू. चल निहार, उतर."

"बाबा, मामा आलाय," निहार म्हणाला.

मी मधे गेलो, पोराला उचललं आणि त्याच खुर्चीत बसलो. आईचा टॉवेल पिशवीतून काढून मांडीवर घातला, त्यावर निहारला घेतलं. त्याचं हृदय चिमणीसारखं धडधडत होतं. माझंही तसंच असणार, कारण तो मान वर करून माझ्याकडं बघायला लागला.

"करा सुरू, नामदेवराव."

"अण्णा, माझं ऐका," गिरीशराव म्हणाले आणि त्यांनी निहारचा दंड धरला.

नामदेवनं कात्री निहारच्या कानाशी नेली होती. "हात काढा साहेब," तो म्हणाला. "पोरगं हललं तर कानाला लागंल."

गिरीशरावांनी हात काढला.

पहिली बट माझ्या मांडीवर पडली. आईनं सांगितलं होतं तशीच. मला तेव्हा कळलं की मी काय करून बसलोय. पोराच्या डोक्याशी कात्री चालू आहे तोवर त्याला कुणी ओढणार नाही. बाप तर नाहीच. कसाही असला तरी.

"सावकाश चालू द्या," मी म्हणालो. "घाई नाही."

"घाई पावन्यांना हाय," नामदेव म्हणाला.

"त्यांचीही गेली आता."

केस पडत राहिले. जाणारी-येणारी माणसं दारात थांबून बघत होती. जावळ म्हटल्यावर कुणालाही थांबावंसं वाटतं. एक म्हातारी तर निहारच्या हातात नाणं ठेवून गेली. गिरीशराव माझ्यासमोर वाकले. आरशात आम्ही तिघं दिसत होतो. ते फार हळू बोलले, निहारला ऐकू जाऊ नये एवढं.

"अण्णा, तुम्हाला काय हवंय?"

"मला काही नको, गिरीशराव," मी म्हणालो.

ते सरळ उभे राहिले आणि बाकावर जाऊन बसले. मोबाईल वाजत होता, तो त्यांनी उचलला नाही.

कात्री झाली, मग वस्तरा. नामदेव खरंच सावकाश काम करत होता. माझ्या मांडीवर पाच वर्षांचे केस साचले होते, आणि मांडीवरचं पोरगं हळूहळू दुसरंच कुणीतरी होत होतं. वेण्यांच्या आत हे असं डोकं आहे, हे असे कान आहेत, मला माहीत नव्हतं. शेवटी नामदेवनं कोमट पाण्यानं डोकं पुसलं, चादर झटकली आणि निहारला खाली उतरवलं. नवा सदरा त्याच्या अंगावर चढवला, तेवढ्यात बाहेर पोलिसांची जीप थांबली.

हवालदार आधी पांढऱ्या गाडीकडं गेला. मागच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा होत्या. दोन पासपोर्ट होते. आणि निहारचे कपडे होते, सगळे नवे, लेबलं न काढलेले. त्यातला एक शर्ट हवालदारानं वर धरला. तो निहारला दोन वर्षांनी बसला असता.

उमा धावत सलूनमध्ये आली. दारात उभी राहून तिनं आत बघितलं. मला बघितलं, गिरीशरावांना बघितलं, आरशाजवळच्या खुर्च्या बघितल्या. तिची नजर समोरच्या तुळतुळीत डोक्याच्या पोरावरून पुढं सरकली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली.

"अण्णा, निहार कुठाय?" ती म्हणाली.

नामदेव वस्तरा पुसता पुसता थांबला. मी गिरीशरावांकडं बघितलं. ते खाली मान घालून बसले होते, पण त्यांनीही ते बघितलं होतं. एवढंच त्यांना हवं होतं. दिवसभर दोन वेण्यांचं पोरगं शोधणारी माणसं, आणि त्यांच्या समोरून बापाचं बोट धरून जाणारा एक गोटा केलेला मुलगा.

"आई," निहार म्हणाला, "मी आहे की."

पुढं तो करार रद्द झाला. ताबा उमाकडं राहिला, पासपोर्ट कोर्टात जमा झाला. वर्षभर बापलेकाची भेट कोर्टातल्या खोलीत, शिपायाच्या समोर. मग निहारच म्हणायला लागला की पोत्यांवर बसायचंय, म्हणून रविवार पुन्हा माझ्या दुकानात आला. पहिल्याच रविवारी गिरीशराव माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवून म्हणाले, "अण्णा, हे पुढं आहे. माझा वेळ अजून शिल्लक आहे." कुलगुडे मुद्दाम येऊन बसले होते, ते भडकले, या माणसाला लाज कशी नाही म्हणाले. मी स्टूलवर चढून घड्याळ मागं घेतलं आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. त्या रात्री मला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली.

मग ते दर रविवारी भांडायचे. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत. मी घड्याळ पुढं-मागं करत राहिलो.

निहार दहा वर्षांचा असताना एका रविवारी गिरीशरावांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वेळेच्या आधीच उठले. मी घड्याळ दाखवलं.

"राहू दे, अण्णा," ते म्हणाले आणि हसले.

मी उठलो, शटर खाली ओढलं, आतून कडी घातली, आणि निहारला मांडीवर घेऊन बसलो. तो म्हणाला, मामा, मी मोठा झालोय आता. मी म्हणालो, बस गप.